प्रकल्प नोंदी: दिवाळी अंकाचा जुना ईमेल पत्रव्यवहार थंडरबर्डमध्ये

९ जून २०२५

काम ठरलं. कोल्हापुरातल्या एका दिवाळी अंकाच्या कार्यालयातला वीस वर्षांचा ईमेल पत्रव्यवहार एका जागी आणायचा. सर यंदापासून संपादकपदावरून बाजूला होतायत, अंक आता ताई बघणार. ताईंची मागणी एका वाक्याची आहे: "लेखकाचं नाव टाकलं की त्याच्याशी आजवर काय बोलणं झालं ते समोर आलं पाहिजे. कुठली कथा परत पाठवली, का पाठवली, मानधनाचं काय ठरलं, सगळं."

पत्रं तीन ठिकाणी आहेत. २००५ ते २०१० आउटलुक एक्सप्रेसमध्ये, जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर. तिथून २०१६ पर्यंत आउटलुकची एक पीएसटी फाइल, आउटलुक सगळे मेल साठवतो ती. त्यानंतर जीमेल. पहिली दोन फक्त कार्यालयातल्या डिस्कवर आहेत. त्या काळी मेल पॉपने उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून पुसले जायचे, त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नाही.

ईमेल वाचायचा आणि साठवायचा प्रोग्राम थंडरबर्डच. फुकट आहे, पण कारण ते नाही. तो पत्रं एमबॉक्स नावाच्या उघड्या स्वरूपात ठेवतो. उद्या थंडरबर्ड बंद पडला तरी दुसरे कितीतरी प्रोग्राम ती फाइल वाचू शकतील. आउटलुक एक्सप्रेसच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं नाही. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने तो देणं थांबवलं आणि त्याच्या पत्रं साठवणाऱ्या डीबीएक्स फाइली तशाच पडून राहिल्या.

११ जून

माळ्यावरचा एक्सपीवाला सीपीयू कार्यालयातल्या काकांनी उतरवून दिला. त्याला वीज द्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं. इतकी वर्षं न फिरलेली डिस्क फार वेळ चालेल याची खात्री नसते. म्हणून डिस्क बाहेर काढली, यूएसबी अडॉप्टरने माझ्या उबुंटू लॅपटॉपला जोडली आणि डीडीरेस्क्यूने सगळ्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेतली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी परत येतो. खराब डिस्कवर हाच क्रम बरोबर. काही सेक्टर (डिस्कचे बारीक कप्पे) वाचले गेले नाहीत, बाकी सगळं आलं. मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात. यापुढे तिला कुणी हात लावणार नाही, सगळं काम प्रतिमेवर.

आउटलुक एक्सप्रेसच्या फाइली सहजी सापडत नाहीत. वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये लोकल सेटिंग्ज, त्यात ॲप्लिकेशन डेटा, त्यात आयडेंटिटीज, त्याच्या आत आकड्या-अक्षरांची लांबलचक पाटी असलेलं एक फोल्डर आणि मग कुठे मायक्रोसॉफ्ट व आउटलुक एक्सप्रेस. वाटेतलं लोकल सेटिंग्ज हे फोल्डर लपवलेलं असतं. "माय डॉक्युमेंट्स कॉपी केलंय" म्हणून मशीन भंगारात देणाऱ्यांचे मेल तिथेच राहून जातात.

१४ जून

डीबीएक्स फोडण्यासाठी अनडीबीएक्स वापरलं. एका डीबीएक्समधलं प्रत्येक पत्र तो वेगळ्या ईएमएल फाइलमध्ये काढून देतो. फाइल खराब असेल तर दुरुस्तीची वेगळी पद्धत आहे, तीत तुकड्यातुकड्यांतून पत्र जुळवलं जातं. इनबॉक्स नीट निघाला. 'सेंट आयटम्स'ची फाइल मात्र न वाचल्या गेलेल्या सेक्टरांत अडकली होती, तिला दुरुस्तीची पद्धत लावावी लागली. बहुतेक पत्रं मिळाली, काहींचा शेवट तुटलेला.

सेंट आयटम्सवर इतका वेळ का, असं काकांनी विचारलं. पत्रव्यवहारातला अर्धा आवाज तिथे आहे म्हणून. लेखकाची कथा इनबॉक्समध्ये असते; सरांनी ती का परत पाठवली, शेवट कुठे घसरतोय असं त्यांना वाटलं, हे सगळं पाठवलेल्या पत्रात असतं. आज दुरुस्त झालेलं एक पत्र वाचलं. एका नवोदित लेखिकेला सरांनी दोन पानी उत्तर लिहिलंय, परिच्छेदागणिक. शेवटी, "पुढच्या वर्षी हीच कथा पुन्हा पाठवा, मी वाट बघीन." २००८ सालचं पत्र. ही पत्रं हातची गेली असती तर अंकाच्या संपादनाचा इतिहासच गेला असता.

१९ जून

पीएसटीची पाळी. उबुंटूवर रीडपीएसटी नावाचं साधन आहे, ते फोल्डरांची उतरंड तशीच ठेवून एमबॉक्स काढून देतं. पत्रात अक्षरसंच नोंदलेला नसेल तर कुठला धरायचा, हे त्याला आधी सांगता येतं. तिथे यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची नेहमीची रीत, दिलं. पुसलेली पत्रंही काढता येतात, तो पर्याय बंद ठेवला. सरांनी जे विचारपूर्वक पुसलं ते पुसलेलंच राहावं. तसं सरांना विचारूनही घेतलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, काही पत्रं लोकांनी रागात लिहिलेली असतात."

रूपांतर झाल्यावर प्रत्येक फोल्डरमधल्या पत्रांची संख्या पीएसटीतल्या संख्येशी ताडून बघितली. जुळली.

२४ जून

जीमेलसाठी आयमॅप की टेकआउट, यावर बराच विचार केला. आयमॅपने थंडरबर्डमध्ये खातं जोडणं सोपं आहे, पण ती सर्व्हरची सावली असते. उद्या कुणी फोनवरून पत्र पुसलं तर इथूनही जाणार. जतन म्हणून जे ठेवायचं ते सर्व्हरपासून तोडलेलंच हवं. शिवाय जीमेल लेबलांना आयमॅपमध्ये फोल्डर म्हणून दाखवतं. एका पत्राला 'कथा' आणि 'मानधन' अशी दोन लेबलं असली तर ते दोन्हीकडे दिसतं आणि तिसऱ्यांदा 'ऑल मेल'मध्येही. सगळं उतरवलं की जागा फुगते आणि शोधात तेच पत्र पुनःपुन्हा येतं.

म्हणून टेकआउट. गूगलच्या या सोयीत फक्त मेल निवडायचं आणि सगळी पत्रं एकाच एमबॉक्स फाइलमध्ये मागायची. प्रत्येक पत्राच्या हेडरमध्ये (मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळींत) लेबलांची एक ओळ गूगल स्वतः घालतं, त्यामुळे लेबलांची माहिती हरवत नाही. मात्र स्पॅम आणि ट्रॅशही त्यातच येतात, ते नंतर उपसावे लागणार. तयार झाल्यावर येणारा दुवा ठरावीक दिवसच चालतो, म्हणून ताईंना सांगून ठेवलंय की तो मेल आला की लगेच फोन करा.

२ जुलै

टेकआउट उतरलं. साडेअकरा जीबी. पेन ड्राइव्हवर घेऊन यायला गेले तर फाइल चढेना. ड्राइव्ह फॅट-३२ होता आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. एक्सफॅट करून घेतला.

आज कार्यालयातल्या मशीनवर थंडरबर्ड बसवला आणि जागा ठरवली. अकाउंट सेटिंग्जमध्ये लोकल फोल्डर्स निवडलं की खाली ते कुठे साठवायचे ते बदलता येतं. नेहमीच्या जागेऐवजी डी ड्राइव्हवर 'पत्रव्यवहार-जतन' असं सरळ दिसणारं फोल्डर दिलं. विंडोज पुन्हा टाकायला येणारा माणूस सी ड्राइव्ह साफ करतो, तेव्हा हे वाचेल.

ताईंनी सुचवलं होतं की हे फोल्डर क्लाउडला जोडून ठेवू. मी नको म्हटलं. एमबॉक्समध्ये हजारो पत्रं एकाच फाइलीत असतात. एका पत्राला तारा लावला तरी फाइल बदलते आणि साडेअकरा जीबी पुन्हा वर जायला लागतात. त्यातच थंडरबर्ड फाइलीत लिहीत असताना क्लाउडने ती उचलली तर प्रत बिघडते. प्रती घ्यायच्या, पण थंडरबर्ड बंद करून.

५ जुलै

उद्या आषाढी, कार्यालयात शांतता. आयात उरकून घेतली.

एमबॉक्स म्हणजे पत्रं एकाखाली एक चिकटवलेली लांबच लांब वही. थंडरबर्ड बंद करून ही फाइल, शेवटचं एमबॉक्स हे शेपूट काढून, लोकल फोल्डर्सच्या जागी ठेवली आणि प्रोग्राम उघडला की डावीकडे फोल्डर म्हणून दिसते. तिच्या शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल तयार होते, ती फक्त अनुक्रमणिका. ती पुसली गेली तरी पत्रांना काही होत नाही, पुन्हा बनते. फोल्डरच्या आतली फोल्डरं एसबीडी शेपटाच्या फोल्डरमध्ये जातात. ही रचना कागदावर काढून काकांना दिली, कारण पुढे कधी हे उचलून दुसऱ्या मशीनवर न्यायची वेळ त्यांच्यावरच येईल.

ईएमएल फाइलींसाठी इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी हे ॲड-ऑन वापरलं, ते उपफोल्डरांसकट सगळं आत घेतं.

अँटिव्हायरसने दुपारी अडवलं. २००५-०६ च्या काळात फिरणारे व्हायरसवाले मेल इनबॉक्समध्ये होतेच. त्यातल्या एका जोडणीसाठी तो अख्खी इनबॉक्स फाइल उचलून कोठडीत टाकायला निघाला होता. त्याला पत्र आणि फाइल यांतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने दूषित ती एकच मोठी फाइल. ते फोल्डर तपासणीतून तात्पुरतं वगळलं, संशयास्पद पत्रं थंडरबर्डमध्ये शोधून पुसली आणि 'कॉम्पॅक्ट' केलं. कॉम्पॅक्ट करणं गरजेचंच. थंडरबर्डमध्ये पुसलेल्या पत्रावर फक्त खूण होते, ते फाइलीतून प्रत्यक्ष जातं कॉम्पॅक्ट केल्यावर. मग वगळणूक काढून पुन्हा तपासलं, स्वच्छ.

१० जुलै

जुन्या भागात काही पत्रांत मराठीच्या जागी कचरा दिसतोय. नीट पाहिल्यावर कचरा दोन जातींचा निघाला.

पहिल्या जातीत दर अक्षराआधी तीच ती चिन्हं येतात: वर उलटी रेघ असलेलं इंग्रजी 'ए' आणि त्यामागे चार कोपऱ्यांवर रेघा असलेलं चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह. ही खरी यूटीएफ-८ मराठी आहे, फक्त तिला पाश्चात्त्य अक्षरसंच समजून वाचलं जातंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम एकच, म्हणून ती ठेका धरल्यासारखी पुनरावृत्ती दिसते. व्ह्यू मेन्यूतल्या 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग'ने ही पत्रं लगेच वाचता आली. अशी पत्रं बघून जीव भांड्यात पडतो, कारण आतलं काहीही हरवलेलं नसतं.

दुसरी जात अवघड. त्या पत्रांत अशी पुनरावृत्ती नाही, सुटी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं यांची सरमिसळ आहे. ही श्रीलिपी, आयएसएमचे डीव्ही फाँट, शिवाजी, कृतिदेव यांच्या काळातली मराठी. तिथे संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच आहे, फाँटने त्याला देवनागरीचा चेहरा दिलाय. मशीनवर तो फाँट नाही तर चेहराही नाही. बहुतेक कथा अशाच वर्ड फाइलींत जोडून आल्यात. त्यात मराठी शब्द शोधून सापडणारच नाही, कारण तिथे मराठी अक्षर नाहीच.

रूपांतरकं मिळतात. करून पाहिलं. रफार आणि पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात, आणि प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. मूळ फाइलीला हात न लावता रूपांतर शेजारी ठेवायचं असं ठरवलं. एवढं सगळं रूपांतर करून मुद्रितशोधन करणं या कामात बसणार नाही, पण शोध तरी लागला पाहिजे. म्हणून अशा पत्रांना थंडरबर्डमध्ये 'जुना फाँट' हा टॅग लावायचा आणि एका तक्त्यात लेखकाचं नाव, शीर्षक, तारीख युनिकोडमध्ये लिहायची. काकांनी हे काम मागून घेतलं. त्यांना बरेच लेखक नुसत्या पत्त्यावरून ओळखता येतात.

जोडलेल्या फाइली काढून घेताना 'सेव्ह' वापरायचं, 'डिटॅच' नाही. डिटॅच केलं की फाइल पत्रातून निघून जाते.

१८ जुलै

ताईंसमोर पहिल्यांदा शोध चालवून बघितला. कऱ्हाडच्या एका कवीची पत्रं हवी होती. 'कऱ्हाड' टाकलं, अलीकडची आली, २०१४ च्या आधीचं एकही नाही. पत्रं तिथे आहेत हे सरांना पक्कं आठवत होतं.

जुनं एक पत्र शोधून त्यातलं गावाचं नाव तसंच उचललं, शोधात चिकटवलं, आणि जुनी सगळी आली. मग नवी गायब. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे. फरक आतला: मराठीचा हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकात ऱ या वेगळ्या अक्षराला हलंत जोडतात, दुसऱ्यात साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. कुठला येणार ते टंकणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून. संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे तऱ्हा, दऱ्या, वारकऱ्यांचा, शेतकऱ्यांना, दुसऱ्या, सगळीकडे हाच पेच. शेतकऱ्यांवरची कथा शोधायला जावं आणि निम्म्या लपून राहाव्यात.

'ॲड.'चंही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची पत्रं अ वर चंद्र देऊन लिहिलेली.

उपाय दोन काढले. ज्यांची नावं वारंवार लागतात त्यांच्यासाठी 'सेव्ह्ड सर्च' (ठरलेला शोध जपून ठेवणारी) फोल्डरं बनवली, 'यांपैकी काहीही जुळलं तरी' असा पर्याय ठेवून दोन्ही लेखनं घातली. आणि एरवीसाठी सांगितलं की शब्दाचा अडचणीचा भाग सोडून उरलेला टाका: कऱ्हाडसाठी 'हाड', शेतकऱ्यांसाठी 'शेतक'. थोडं जादा येईल, पण सुटणार काही नाही. ताईंना हे फार आवडलं. मलाही वाटतं, सगळ्या कामात उपयोगाचं असं हेच.

एक गोष्ट लिहून ठेवते. एमबॉक्स फाइल थेट नोटपॅडसारख्या प्रोग्राममध्ये उघडून मराठी शब्द शोधायला कुणी जाऊ नये. मेलमधली मराठी बहुधा बेस-६४ किंवा क्वोटेड-प्रिंटेबल या सांकेतिक रूपात असते, तिथे ती मराठी म्हणून दिसतच नाही. "पत्रं कोरी आहेत" असा समज होईल. वाचायला मेल प्रोग्रामच हवा.

२५ जुलै

दुबार पत्रं काढली. पीएसटीचा शेवट आणि जीमेलची सुरुवात काही महिने एकमेकांवर चढलेली होती. प्रत्येक पत्राला मेसेज-आयडी असतो, त्यावरून जुळणाऱ्या जोड्यांतलं एक ठेवलं. विषय आणि तारीख सारखी म्हणून पुसायचं नाही, कारण काही लेखक दुरुस्त कथा त्याच विषयाने दहा मिनिटांनी पुन्हा पाठवतात. त्या दोन आवृत्त्या संपादकाला हव्याच असतात.

काही पत्रांना ना प्रेषक, ना विषय, मधूनच सुरू झालेली. एमबॉक्समध्ये नवं पत्र कुठे सुरू होतं हे ओळीच्या सुरुवातीच्या 'फ्रॉम' या शब्दावरून ओळखतात. मजकुरातलीच एखादी इंग्रजी ओळ त्या शब्दाने सुरू झाली आणि रूपांतर करणाऱ्याने तिच्याआधी खूण घातली नाही, तर तिथे पत्र दुभंगतं. फाइलीच्या प्रतीत त्या ओळींआधी ती खूण घातली, एमएसएफ पुसली, थंडरबर्डला पुन्हा वाचायला लावलं. तुकडे जुळले.

४ ऑगस्ट

आता चालू मेलचं. जीमेल खातं आयमॅपने वेगळं जोडलं. त्याच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये आर्काइव्हची जागा लोकल फोल्डर्स दिली आणि वर्षागणिक फोल्डर हा पर्याय निवडला. पत्र निवडून कीबोर्डवरचं 'ए' दाबलं की ते आपल्या वर्षाच्या फोल्डरात जातं.

हे बटण अंकाच्या धामधुमीत दाबायचं नाही. पत्र लोकलला गेलं की इनबॉक्समधून निघतं आणि सर, ताई, मुद्रितशोधक यांना फोनवर तिथे दिसत नाही. दिवाळीनंतर अंक पोहोचले, मानधनाचे चेक वटले, की मग.

वर्ष ठरतं ते पत्रावरच्या तारखेवरून, आणि ती पाठवणाऱ्याच्या मशीनची असते. मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपलेल्या संगणकावरून आलेली पत्रं २००२ मध्ये जाऊन बसलीत, जेव्हा अंकाचा ईमेल पत्ताही नव्हता. खरी तारीख हेडरमधल्या 'रिसीव्ह्ड' ओळींत मिळते, त्या वाटेतल्या सर्व्हरांनी लिहिलेल्या असतात. अशी पत्रं हाताने योग्य वर्षात टाकली.

अंकाचं वर्ष जानेवारीला सुरू होत नाही हे खरं. जानेवारीतली पत्रं मागच्या अंकाच्या मानधनाची असतात. तरी फोल्डर कॅलेंडरप्रमाणेच ठेवली, आणि अंकवार बघायला फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंतचे सेव्ह्ड सर्च केले.

१२ ऑगस्ट

प्रती घेतल्या. थंडरबर्ड बंद करून अख्खं फोल्डर दोन बाह्य डिस्कवर, एक कार्यालयात, एक सरांच्या घरी. मूळ डीबीएक्स, पीएसटी आणि टेकआउटची झिपही त्यांत आहेत, रूपांतरात काही निसटलं असेल तर पुन्हा मागे जाता यावं म्हणून. प्रत्येक फाइलीचा शा-२५६ आकडा काढून मजकूर फाइलीत ठेवला. विंडोजमध्ये सर्टयूटिलने तो पुन्हा काढता येतो. आकडा जुळला तर फाइल जशीच्या तशी.

कुणाला काय बघता येईल यावर सर, ताई आणि मी बसलो. पत्र अंकाला आलं म्हणून ते अंकाचं होत नाही. भारतीय कायद्याप्रमाणे पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा. अभ्यासक मागायला आले तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागेल. ताईंनी तसं लिहून फोल्डरात पहिली फाइल म्हणून ठेवलं. बँकेचे मेल, ओटीपी, वर्गणीच्या पावत्या वेगळ्या काढल्या. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली, किल्ली कागदावर सरांच्या कपाटात.

जुन्या फाँटच्या तक्त्यात काका २००७ पर्यंत पोहोचलेत. गणपतीनंतर अंकाची कामं सुरू होतील, तेव्हा तक्ता थांबेल आणि दिवाळीनंतर पुन्हा चालू. विनमेल-डॅट या नावाने आलेल्या जोडण्या उघडायच्या राहिल्यात, त्या आउटलुकच्या खास स्वरूपात आहेत. उबुंटूवर टीएनईएफ साधनाने त्या सोडवून पत्राशेजारी ठेवेन. त्यांत दोन दीर्घकथा असाव्यात असं सर म्हणाले, त्या आधी घेते.